डीबी बदलून १४ महिने: डबा उत्तम, न्यूट्रल पट्टी रद्दी

बेकलाइटच्या बोर्डवरचे सहा किटकॅट (तार घालायचे जुने फ्यूज) काढून १२ वेचा (जागांचा) डबल डोअर डीबी, म्हणजे घरभरच्या लाइन वाटणारा डिस्ट्रिब्युशन बोर्ड बसवला, त्याला १४ महिने झाले. म्हणजे जळगावचे दोन उन्हाळे. मीटरजवळ ३२ अँपिअरची डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारी) एमसीबी, म्हणजे जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच, आधीपासून होती. डीबीत ४० अँपिअरचा आयसोलेटर (मेन स्विच), ४० अँपिअरची आरसीसीबी (३० मिलिअँपिअर करंट गळला की पडणारा स्विच) आणि ८ एमसीबी. दोन जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या. पहिल्या वर्षी विचारलं असतं तर पाच तारे दिले असते. या मे महिन्यात दार उघडल्यावर जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि तीनवर आलो.

वास एमसीबीचा नव्हता, सगळ्या न्यूट्रल वायरी जिथे स्क्रूने आवळतात त्या न्यूट्रल पट्टीचा होता. मीटरजवळची एमसीबी खाली करून, येणारा फेज मेला आहे हे तपासून झाकण काढलं. ए.सी.च्या न्यूट्रलचा स्क्रू तपकिरी पडलेला. त्याच्या वर बोटाच्या पेराएवढं वायरचं काळं आवरण कडक होऊन तडकलेलं. नुसता पेचकस टेकवला तर स्क्रू पाऊण फेरा फिरला! दीड टनाचा ए.सी. साडेसात-आठ अँपिअर घेतो, म्हणजे फार काही नाही. पण तो दुपारी १२ ते रात्री १० सलग चालतो. तांबं तापून फुगतं, रात्री आकसतं, पकड रोज थोडी सुटते. पकड सुटली की सांध्याचा रेझिस्टन्स वाढतो, त्याने उष्णता वाढते, आणि त्या उष्णतेने पकड आणखी सुटते. एमसीबी मोजते करंट. करंट आठच असतो, त्यामुळे ती पडत नाही. सांधा मात्र जळत राहतो.

वायरमनची चूक एवढीच की चारची (४ चौरस मिलिमीटरची) मल्टीस्ट्रँड वायर सोलून तशीच आत सारली. टोकाला पिन लग (धातूची छोटी पिन) लावून दाबली असती तर तारा स्क्रूखाली पसरल्या नसत्या. पण मुख्य दोष कंपनीचा. एवढ्या जाड पत्र्याच्या, सुंदर पावडर कोटिंगच्या डब्यात दिलेली पितळी पट्टी पातळ, स्क्रू बारीक, त्याची खाच उथळ. जोर लावला की पेचकस निसटतो. दारावरच्या पारदर्शक खिडकीवर केलेला खर्च या पट्टीवर करायला हवा होता. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘वायरिंगचा दोष, वॉरंटी नाही’.

जाड पट्टी वेगळी आणून बसवली, प्रत्येक न्यूट्रलला पिन लग, एका भोकात एकच वायर. जळालेला तुकडा कापून पुन्हा सोलला, कारण काळ्या पडलेल्या तांब्यावर पकड येत नाही. आता पुन्हा चार तारे. डबा बदलायची गरज पडली नाही, आणि लोकांचे पैसे नेमके इथेच जातात. एका सांध्याचा दोष असेल तर सांधा दुरुस्त करा. एखाद्या एमसीबीचा खटका मऊ लागतो, वर राहत नाही, किंवा तिच्यावर दोन-तीन मोठे शॉर्ट होऊन गेलेत, तर तेवढी एकच एमसीबी बदला. आख्खा बोर्ड कधी बदलायचा? किटकॅटमध्ये फ्यूज वायरऐवजी जाड तार गुंडाळलेली असेल तर. बसबारजवळचं (सगळ्या एमसीबींना फेज देणाऱ्या पट्टीजवळचं) प्लास्टिक वितळलं असेल, लाकडी बोर्डला वाळवी लागली असेल, डब्यात गंज उतरला असेल तर. जागा नाही म्हणून एका एमसीबीखाली दोन-दोन वायरी कोंबल्या असतील, किंवा आरसीसीबी बसवायला जागाच नसेल, तर. घरात जुनी अ‍ॅल्युमिनियमची वायर असेल तर नुसता डीबी बदलून भागत नाही. ती तांब्याला सरळ जोडली की सांधा जळणारच.

‘उन्हाळ्यात १६ ची एमसीबी पडते, २५ ची टाकून द्या’ हा सल्ला घेऊ नका. एमसीबी ३० अंशांना जुळवलेली असते. पश्चिमेच्या भिंतीवर, पत्र्याच्या बंद डब्यात दुपारी ५० अंश सहज होतात. तिथे १६ ची एमसीबी साधारण साडेचौदाची होते, शेजारच्या एमसीबी तापलेल्या असल्या तर त्याहून कमी. उपाय म्हणजे जास्त लोडच्या दोन एमसीबींमध्ये रिकामी जागा सोडणे आणि डबा ऊन न लागणाऱ्या भिंतीवर घेणे. अडीचच्या वायरवर २५ टाकलीत तर एमसीबी शांत राहील आणि वायर भिंतीत तापेल. दिव्यांना दीडची वायर आणि ६ किंवा १०, प्लगला अडीच आणि १६, ए.सी.-गिझरला चार आणि २०, हे पुरतं.

आरसीसीबीबद्दल मत बदललं. पहिल्या जूनमध्ये ती रोज पडायची, तेव्हा माल खराब वाटला. कूलरचा पंप काढल्यावर थांबली. पंपाच्या वाइंडिंगमध्ये पाणी शिरून पत्र्याच्या कूलरवर करंट उतरत होता. खान्देशात घरोघरी पत्र्याचे कूलर आहेत, पाणी भरताना ओले हात त्यालाच लागतात. या एका कारणासाठी आरसीसीबीवर काटकसर करू नका. ती ओव्हरलोडला पडत नाही, म्हणून मागे एमसीबी हवीच. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. सगळ्या एमसीबी खाली असतानाही ती पडत असेल तर कुठेतरी न्यूट्रल अर्थला चिकटलाय, कारण सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. मग पट्टीवरून एकेक न्यूट्रल सोडवून बघायचा. इन्व्हर्टरच्या लाइनचा फेज आरसीसीबीबाहेरून आणि न्यूट्रल आतून असेल तरीही ती पडते.

बाकी थोडक्यात. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. फेब्रुवारीपासून त्यात पाणी ओतत राहा. डब्याची न वापरलेली भोकं बंद करा, नाहीतर पाल आत जाऊन बसबारवर मरते. एमसीबीवर चौकटीत १०००० छापलेलं (म्हणजे १०,००० अँपिअरपर्यंतचा शॉर्ट ती तोडू शकते) आणि आयएसआय चिन्ह बघून घ्या. आणि दुकानात दार उघडून आधी न्यूट्रल पट्टी बघा, स्क्रू पेचकसने फिरवून बघा.

स्क्रू बसवल्यावर महिन्याने एकदा आवळायचे, नंतर वर्षातून दोनदा: मार्चमध्ये ए.सी. सुरू व्हायच्या आधी आणि दिवाळीच्या आसपास. भाव वाढेपर्यंत कापूस घरात साठवणाऱ्यांनी दिवाळीचं आवळणं चुकवू नये. ज्या खोलीत डीबी आहे त्या खोलीत कापसाचा ढीग लावूच नका.