पेटीवाल्याने घेतलेला करिअर सपोर्ट: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी हार्मोनियम वाजवतो. गांधर्व महाविद्यालयाची विशारद परीक्षा आधीच झाली होती, मग एमए म्युझिक केलं. गाव मिरजेकडचं, राहायला पुण्यात, पोट साथीवर आणि शिकवण्यांवर. गेल्या जूनमध्ये संगीत शिकलेल्या पोरांना करिअर सपोर्ट देणाऱ्या एका ऑनलाइन सर्व्हिसची मेंबरशिप घेतली, सहा महिन्यांचे साडेपाच हजार, आणि डिसेंबरात आणखी तीन महिने वाढवली. नाव देत नाहीये, जाहिरातही नको आणि बदनामीही नको. घेतली का, तर आमच्या डिपार्टमेंटचा प्लेसमेंट सेल म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप होता आणि त्यात दोन वर्षांत गुड मॉर्निंग सोडून फारसं काही आलं नाही.

फॉर्म भरतानाच पहिली ठेच. तुमचं वाद्य कोणतं म्हणून यादी, त्यात गिटार, व्हायोलिन, तबला, सतार, बासरी, ड्रम्स, अगदी युकुलेलेसुद्धा, पण हार्मोनियम नाही! 'इतर' असा पर्यायही नाही. शेवटी 'कीबोर्ड / पियानो' वर टिक केलं आणि पुढचे दोन महिने त्याची फळं भोगली. रोज ॲलर्ट यायचे, ऑर्केस्ट्राला कीबोर्ड प्लेअर पाहिजे, इंटरनॅशनल स्कूलला पियानो टीचर पाहिजे पण पाश्चात्य संगीताची ग्रेड 8 परीक्षा झालेला, क्रूझवर लाउंजमध्ये पियानो वाजवायला माणूस पाहिजे, स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्य स्वरलिपी, बघून धडाधड वाजवता आलं पाहिजे. मी आपला भातखंडे-पलुसकर स्वरलिप्या शिकलेला माणूस. आकाशवाणीने 1940 साली हार्मोनियमवर बंदी घातली ती 1971 पर्यंत चालली, पण त्यांनी निदान पेटी काय असते ते माहीत असून घातली होती, इथे तर वाद्याचा पत्ताच नाही. सपोर्टला चार वेळा मेल टाकल्यावर एका मुलीने प्रोफाइलमध्ये हाताने 'हार्मोनियम' लिहून दिलं, तेव्हा कुठे ॲलर्ट जरा माणसात आले.

आता चांगलं काय ते, कारण चांगलं आहे आणि ते मला अपेक्षित नव्हतं तिथे निघालं.

पहिल्या कौन्सेलिंग कॉलला मॅडमनी विचारलं, "एका कार्यक्रमाचे किती घेता?" मी म्हणलं, "द्याल ते." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हेच वाक्य तुम्ही आयोजकालाही म्हणता का? म्हणतो की. आपल्याकडे साथीदाराने आकडा बोलणं म्हणजे आगाऊपणा, कार्यक्रम संपला की पाकीट हातात येतं, ते तिथे उघडायचं नाही, रिक्षात बसून उघडायचं आणि मग जे काय वाटायचं ते वाटून घ्यायचं. मॅडमनी अर्धा तास फक्त फोनवर काय बोलायचं त्याची तालीम घेतली. आधी तारीख, ठिकाण, किती वेळ, कोण गाणार, पट्टी कुठली, तालमी किती, पेटी माझी न्यायची की तिथे आहे, गाडीभाडं कोणाचं. हे सगळं झालं की आकडा. आणि आकडा सांगितला की गप्प बसायचं, काहीही झालं तरी आपण पुढचं वाक्य बोलायचं नाही.

ऑगस्टमध्ये एका सोसायटीच्या दिवाळी पहाटसाठी फोन आला तेव्हा हे पहिल्यांदा केलं. आकडा सांगितला, नेहमी मिळायचं त्याच्या दीडपट, आणि गप्प बसलो. समोरून काही नाही. पलीकडे त्यांच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली, मग दुसरी, माझ्या तोंडात "नाहीतर बघा, कमी जास्त करू" आलेलंच होतं आणि तेवढ्यात काका म्हणाले, "बरं, मेलवर पाठवा, कमिटीला दाखवतो." ॲडव्हान्सही आला. माझे मेंबरशिपचे साडेपाच हजार त्या कुकरच्या दोन शिट्ट्यांत वसूल झाले असं मी घरी सांगतो.

पण याच मॅडम पुढच्या कॉलला म्हणाल्या, प्रत्येक कार्यक्रमाचं इन्व्हॉइस करायची सवय लावा, कोणताही अपवाद नको. म्हणलं मॅडम, गुरुजींच्या गुरुपौर्णिमेचं इन्व्हॉइस पाठवलं तर मला जिन्यावरून खाली येता येणार नाही. त्या म्हणाल्या, बाउंड्रीज सेट करायला शिका. इथे मात्र त्यांचं गणित चुकतं आणि ते नऊ महिन्यांत शेवटपर्यंत सुधारलं नाही. साथीदाराला काम आयोजक देत नाही हो, गायक देतो. गायिका म्हणते मला पेटीला अमुक हवा, आयोजक तिच्या सांगण्यावरून फोन करतो. आणि गायिकेला आपण कळतो ते गुरुजींकडे बैठकीत फुकट वाजवताना, तिथेच सगळी भरती चालते म्हणा ना.

प्रोफाइल व्हिडिओचंही तसंच. त्यांच्या गाइडमध्ये नव्वद सेकंदांचं सोलो, फास्ट, कॅची. मी बिचाऱ्याने द्रुत लयीत तानांचा फटाका उडवून अपलोड केला, तीन महिन्यांत एक फोन नाही. मग एका गायिका ताईनेच सांगितलं, अरे हे ऐकून मला भीती वाटते की हा माझ्या अंगावरून वाजवत जाईल. साथीत काय बघतात, तर आलाप चालू असताना पेटी मागून सावलीसारखी येते का, जागा सुटली तर भरतो का आणि नाही सुटली तर गप्प राहतो का. मग मी विलंबित ख्यालाच्या साथीचा सहा मिनिटांचा तुकडा टाकला, काळी चार पट्टीतला, साधं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग. सिस्टीमने 'लांबी जास्त' असा लाल शिक्का मारला पण त्याच व्हिडिओवरून दोन तरुण गायकांचे फोन आले आणि त्यातल्या एकाबरोबर आता नियमित वाजवतोय.

वेबिनार बरेच झाले, निम्मे 'पर्सनल ब्रँडिंग'वर, ते मी भाज्या निवडत ऐकले. पण ऑनलाइन शिकवण्याचा एक वेबिनार सोन्यासारखा. झूम काय करतं, की सलग चालणारा आवाज त्याला पंख्याचा आवाज वाटतो आणि ते तो दाबून टाकतं, त्यामुळे पेटीचा लांब सूर धरला की दोन सेकंदांनी पलीकडच्या पोराला काही ऐकूच जात नाही. मी वर्षभर पोरांना "अरे सूर धरून ठेव" म्हणून ओरडत होतो, पोरं धरून ठेवतच होती. 'ओरिजिनल साउंड' नावाचं सेटिंग आहे, ते दोन्हीकडे चालू केलं आणि प्रश्न मिटला. बाहेरच्या शिकवण्या कशा घ्यायच्या तेही तिथेच कळलं, त्यातून न्यू जर्सीच्या दोन मराठी मुली मिळाल्या, आपल्या सकाळी साडेसहाला म्हणजे त्यांच्या रात्री नऊला. फक्त त्यांचं घड्याळ नोव्हेंबरात एक तास मागे जातं हे कुणी सांगितलं नव्हतं. साडेसहाला पेटी उघडून, आंघोळ करून, नवीन झब्बा घालून मी स्क्रीनसमोर एकटा, आणि साडेसातला त्या दोघी हजर, तेव्हा मी बसस्टॉपवर.

पैशाच्या कागदांचं सेशन सगळ्यात रुक्ष आणि सगळ्यात कामाचं. दोन कंपन्यांच्या कार्यक्रमांत माझे 10 टक्के टीडीएस कापले गेले होते, मला वाटायचं ते गेले ते गेलेच. फॉर्म 26एएस, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराचा सरकारी तक्ता, कसा बघायचा ते दाखवलं, त्यात दिसले, रिटर्न भरला, परत आले. रॉयल्टीचंही डोक्यात नीट बसलं, की रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची, आणि गायक-वादकांसाठी इसाम्रा वेगळी, त्यामुळे नुसता वाजवणारा मी आयपीआरएसच्या दारात जाऊन काही उपयोग नव्हता. माझी एक चाल एका अल्बममध्ये आहे, तेवढ्यापुरतं ते दार माझं.

सरकारी गोष्टींची माहिती बरी होती पण उशिरा. केंद्रीय विद्यालयातल्या पीआरटी (प्राथमिक शिक्षक) म्युझिकच्या जाहिराती, प्राध्यापकपदासाठीच्या यूजीसी नेट परीक्षेचं वेळापत्रक, आकाशवाणीच्या ऑडिशनचा फॉर्म कसा भरायचा, बी, बी हाय, ए, टॉप या ग्रेडचा पुढे काय फायदा, हे एका ठिकाणी मिळतं. ऑडिशन दिलीय, निकाल यायचाय. विशारद पदवीच्या बरोबरीचं धरतात का या माझ्या प्रश्नाला मात्र "जाहिरात बघा" एवढंच उत्तर, आणि खरं सांगायचं तर तेच बरोबर उत्तर आहे. चुटपुट एकच. संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी स्कॉलरशिप असते, महिना 5,000, दोन वर्षं, वयाची अट 18 ते 25. मला वेबिनारमध्ये कळलं तेव्हा मी सव्वीस पूर्ण केलेले. एमएच्या दोन वर्षांत एकाने तरी त्या गुड मॉर्निंगच्या ग्रुपवर एवढं टाकलं असतं तर.

स्टुडिओचं एक काम त्यांच्याकडून थेट मिळालं, त्यात फजितीही झाली. ट्रॅक 440 हर्ट्झ या ठरलेल्या स्वरमापाला, माझी पेटी जराशी चढी, मैफलीत कधी कुणाला कळलं नाही, हेडफोनमध्ये गिटारशेजारी अशी काही टोचायला लागली की रेकॉर्डिस्ट दादाने पहिल्याच ओळीला हात वर केला. पेटी बदलून आणेपर्यंत दीड तास गेला, तो माझ्याच पैशातून. 'पेटी 440 ला जुळते का बघा' ही एक ओळ त्यांच्या 'स्टुडिओ चेकलिस्ट'मध्ये हवी होती, तिथे चार्जर आणि पाण्याची बाटली लिहिलेली आहे.

हिशोब विचारत असाल तर नऊ महिन्यांत एकतीस कामं सुचवली, हार्मोनियमला लागू अशी सात, मिळाली तीन. नोकरी लागेल या आशेने घेत असाल तर नका घेऊ. गिटार, कीबोर्ड, वेस्टर्न व्होकल्सवाल्यांना लीड बऱ्याच जास्त येतात असं ग्रुपवर बोलताना दिसतं. तबला, पेटी, सारंगीवाल्यांनी फक्त कौन्सेलिंगचे कॉल आणि कागदपत्रांचं सेशन यासाठी घ्यावी, तीन महिने पुष्कळ झाले. आणि घ्यायचीच तर मे-जूनमध्ये घ्या. मी वाढवून घेतलेले तीन महिने नेमके सीझनमध्ये आले, कार्यक्रमांच्या धावपळीत चार कॉल हुकले, आणि हुकलेला कॉल पुढे ढकलून मिळत नाही, हे नियमांत अगदी खाली बारीक अक्षरात आहे, आधी वाचून घ्या.