अर्ध्या टनाचा ट्रान्समिशन जॅक: वर्षभर वापरून, भांडून आणि चाकं बदलून झाल्यावर

जॅक बसायला लागला म्हणून हे लिहितोय. म्हणजे गिअरबॉक्स वर चढवायचा, आत जाऊन चहा पिऊन यायचं आणि बघावं तर सॅडल, म्हणजे गिअरबॉक्स टेकतो तो जॅकचा वरचा भाग, बोटभर खाली. रात्रभर लोड ठेवला तर सकाळी पार तळाला. नाहीतर हा रिव्ह्यू मी कौतुकाचाच लिहिणार होतो, आणि पुढं कौतुक येणार पण आहे, पण आधी राग काढून घेतो.

जॅक कुठला ते बघितलेल्यांना लगेच कळेल, जमिनीलगतचा, अर्ध्या टनाचा, चार चाकांचा, वर दोन्ही बाजूला झुकणारं सॅडल आणि साखळी. उभा टेलिस्कोपिक नव्हे. उभ्याबद्दल सारखं विचारतात म्हणून एकदाच सांगतो, तो सगळ्यात खाली दाबला तरी साडेतीन फुटाच्या आसपास राहतो, दोन खांबी लिफ्टवर गाडी डोक्याच्या वर असली तरच त्याचा उपयोग. आपल्या घरी गाडी चार स्टँडवर आणि आपण खाली उताणे, तिथं तो घालणार कुठं? पिट, म्हणजे गाडीखाली उभं राहायचा खड्डा, असला तर चालतो म्हणतात. मेव्हण्याच्या निपाणीच्या शेडात पिट आहे, अडीच फूट रुंद, त्यात उभ्या जॅकचे पसरलेले पाय ठेवले की माणसाला पाय ठेवायला जागाच उरत नाही. टेप घेऊन मोजूनच तो विषय सोडून दिला.

टनाचं पण तेच. दुकानदार एक टनाचा घ्या म्हणून मागं लागला होता. अहो वॅगनआरचा गिअरबॉक्स तीसेक किलोचा असतोय, बोलेरोचा जड आहे पण दोघं मिळून उचलतात की. अर्धा टन म्हणजे भरपूर झालं. वर जास्त टनाचा जॅक सहसा उंच पण असतो आणि घरच्या कामात सगळं गणित तिथंच बिघडतंय. जॅक तळाला असताना सॅडल जमिनीपासून ८ इंच, त्यावर उभा गिअरबॉक्स साधारण १४ इंच, झाले २२. आता तुमचे स्टँड पूर्ण वर काढले तर गाडीची पुढची बाजू जमिनीपासून किती येते ते मोजा. माझ्याकडं २२ येत नाही. म्हणजे गिअरबॉक्स इंजिनपासून सुटला, खाली आला, पण जॅकसकट गाडीखालून बाहेर निघत नाही. मग साखळी सोडायची, गोणपाटावर आडवा घ्यायचा आणि गोणपाट ओढायचं. चढवताना परत उलटं. हे कुठल्याच व्हिडिओत दाखवत नाहीत, कारण त्यांच्याकडं लिफ्ट असते. बोलेरोला हा ताप नाही, गाडीच उंच.

आता चाकं. घरचे म्हणतात तू चाकांवरच किती बोलतोस, पण बोलणारच. कंपनीनं याला दिलेत दोन इंची लोखंडी कॅस्टर. शोरूमच्या टाइल्सवर मस्त फिरतात. आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरापुढं पेव्हर ब्लॉक आहेत आणि प्रत्येक फटीत चाक अडकतंय. तुम्ही म्हणाल अडकलं तर अडकलं, जरा ढकला. तसं नाही. या जॅकचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातोय, वर जाता जाता सॅडल मागं सरकतं. त्यामुळं वर चढवताना अख्खा जॅक त्या हिशोबानं गडगडत पुढं आला पाहिजे. चाक फटीत अडकलं की जॅक जागेवर, सॅडल मात्र मागं, आणि तेवढ्यात तुम्ही इनपुट शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सचा पुढचा दांडा, क्लच प्लेटमध्ये घालत असाल तर गिअरबॉक्सचं सगळं वजन त्या शाफ्टवर लोंबकळतं. प्लेटचा हब, म्हणजे मधला भाग, वाकला की नवीन क्लच बसवून पण गाडी जर्क मारणार. चार चाकांपायी हे होतंय, आणि चांगली चाकं घालायला कंपनीला असे किती पैसे लागले असते?

माझं पहिलं काम वॅगनआरचा क्लच. चोर्ला घाटातनं गोव्याला जाऊन जाऊन प्लेट संपली होती. इंजिनच्या सम्पखाली, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली, लाकडी ठोकळा आणि बॉटल जॅक दिला, कारण डावीकडचं माउंटिंग सोडलं की इंजिन लटकतं. ड्राइव्ह शाफ्ट काढायच्या आधी गिअर ऑइल सोडून घेतलं, नाहीतर सगळं तोंडावर. उतरवणं सोपं गेलं. चढवताना सॅडल झुकवायच्या दोन नॉबचं महत्त्व कळलं. बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनला टेकणारं तोंड) आणि इंजिनमधली फट वर अर्धा इंच, खाली पाव इंच, असं असताना कितीही ढकला, जात नाही. मागचा नॉब थोडा फिरवला, बोट घालून चारी बाजूंनी फट बघितली, परत थोडा फिरवला, मेव्हण्याला क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन जरासं फिरवायला सांगितलं, आणि स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरचे दाते, जुळली तसा गिअरबॉक्स आपणहून आत सरकला. साध्या ट्रॉली जॅकवर फळी ठेवून हेच काम करणारे आहेत, त्यांना माझा नमस्कार, पण माझ्याच्यानं ते होत नाही. आणि फट राहिली म्हणून बोल्ट आवळून ओढून घेऊ नका, बोल्ट बसतो तो ॲल्युमिनियमचा कान मोडतोय. सॅडलसाठी या जॅकला पैकीच्या पैकी.

तर मग तो बसायला लागला. वॉरंटी होती म्हणून फोन लावला. पलीकडचा हिंदीत म्हणतो, सील गेलं असेल, सील वॉरंटीत येत नाही. मी म्हटलं बाबा रे, बाहेर तेलाचा एक टिपूस नाही, रॅम, म्हणजे तेलाच्या दाबानं बाहेर येणारा दांडा, कोरडा ठणठणीत आहे, सील गेलं असतं तर तेल बाहेर दिसलं असतं की नाही? तो परत तेच, सील वेअर अँड टेअर आहे. फोटो पाठवा म्हणे. कोरड्या रॅमचा फोटो पाठवला तर उत्तर आलं, सील खराब दिसतंय! नंतर म्हणाले जॅक पुण्याला पाठवा, जाण्यायेण्याचं ट्रान्सपोर्ट तुमचं. तेवढ्या जड लोखंडाचं लॉरी पार्सल, वर पॅकिंग, आणि तिथं जाऊन परत सील वॉरंटीत नाही म्हणणार. तिथंच फोन ठेवला. मेव्हणा म्हणाला, "अहो दाजी, ब्रेक ऑइल ओतून बघा की, आमचा ड्रायव्हर तेच घालतोय." त्याला हात जोडले. हायड्रॉलिक जॅकची रबरं असतात नायट्राइलची, ब्रेक ऑइलनं फुगून मऊ पडतात. मग खरंच सील जाईल आणि फोनवाला जिंकेल.

बेळगावात राहून जॅकच्या हायड्रॉलिकसाठी पुण्याला कशाला जायचं, हे खरं तर मला राग येऊन गेल्यावर सुचलं. उद्यमबागेत पंप, व्हॉल्व्ह, सिलिंडर करणारी वर्कशॉपं आहेत, फाउंड्र्या आहेत. त्यातल्या एका लहान शेडात नेला. मिस्त्री कानडी, त्यांनी हँडल मारून वर घेतला, खाली वाकून बघितलं, रॅमवरनं बोट फिरवलं आणि म्हणाले सील चांगलं आहे. मी तिथंच त्यांना चहा सांगितला. "आयतु बिडरी, नाळे बर्री", म्हणजे झालं, सोडा, उद्या या, म्हणाले, पण मी काही हललो नाही, उघडताना बघायचं होतं. तेल काढलं तर राखाडी, बोटावर चोळलं की कचकच. तेल मागं जाऊ न देणाऱ्या चेक व्हॉल्व्हची गोळी काढली, तिच्या बैठकीवर लोखंडाचा बारीक चुरा बसलेला. गोळी पूर्ण टेकत नाही म्हणून तेल हळूहळू मागं जाणार आणि जॅक बसणार. हा चुरा काही माझ्या अंगणातनं आत गेलेला नाही, मशिनिंग करून न धुता कंपनीनं तसंच तेल भरलेलं. मिस्त्रींनी सगळं रॉकेलनं धुतलं, हवा मारली, गोळी परत बैठकीवर ठेवून वरनं पितळी दांड्यानं एक हलका ठोका दिला, म्हणजे बैठक गोळीच्या आकाराला येते. उघडलंच आहे म्हणून ओ-रिंग नवीन घातल्या, व्हीजी ३२ ग्रेडचं हायड्रॉलिक ऑइल भरलं, रिलीज व्हॉल्व्ह उघडा ठेवून हँडल मारून हवा काढली. बिल झालं ते पुण्याच्या एका बाजूच्या ट्रान्सपोर्टपेक्षा कमी. त्यानंतर रात्रभर लोड ठेवून बघितलं, रॅमवर पेन्सिलनं खूण करून. खूण हलली नाही.

त्यामुळं जॅक वाईट आहे असं आता मी म्हणणार नाही. लोखंड चांगलं, वेल्डिंग चांगलं, सॅडल तर उत्तमच, फक्त आत घाण भरून पाठवलाय आणि फोनवर बसवलेला माणूस कामाचा नाही. नवीन घेणाऱ्यांनी पहिल्या दिवशीच तेल काढून बदलावं, खर्च किरकोळ आहे. पावसाळ्यात रॅम पूर्ण आत घेऊनच ठेवायचा, बाहेर राहिला की आपल्याकडच्या दमट हवेत गंजाचे ठिपके पडतात, आणि तेच ठिपके मग सील कापतात. जास्त पावसाच्या खानापूरकडच्यांनी तर वरनं ग्रीस पण फासावं. साखळी मी काढून टाकली, ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात, त्याऐवजी सामान बांधायचा रॅचेट पट्टा लावलाय. गल्लीतला एकजण याच्यावर गाडी उचलू का विचारत होता. नाही, हा गाडी उचलायचा जॅक नाही, आणि कुठल्याच जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, स्टँड लावायचेच.

चाकांचं शेवटी असं केलं. आधी १८ एमएमचं प्लायवुड टाकलं, त्यात लोखंडी चाकं रुतली. मग उद्यमबागेतनंच भंगाराच्या भावात ३ एमएमचा पत्रा आणला, चार बाय तीन फूट, कडा घासून घेतल्या. त्यावर जॅक एका बोटानं सरकतोय. नंतर कॅस्टर पण तीन इंची पॉलियुरेथेनचे बसवले, पण त्यानं जॅक इंचभर उंच झाला आणि वरचं २२ चं गणित झालं २३, म्हणून वॅगनआरला जुनी चाकं आणि पत्रा, बोलेरोला नवीन चाकं. दर वेळी बोल्ट सोडायचे. यावर कोणी हसू नये.

बोलेरोच्या कामाला जॅक आणि पत्रा दोन्ही निपाणीला गेले होते. मेव्हण्याला बजावून सांगितलं होतं, आणताना दोन्ही आण. जॅक आला. पत्रा त्यानं पिटवर झाकण म्हणून टाकलाय आणि आता म्हणतोय, "दाजी, बरोब्बर मापाचा आहे हो."