न्यू ऑर्डर की प्रायमल स्क्रीम?
दोन्ही ब्रिटिश बँड, पण रॉक आणि डान्स एकत्र ऐकायचंय तर आधी कोण? माझं मत सरळ न्यू ऑर्डर. गायक इयान कर्टिस गेल्यावर त्याच्या जॉय डिव्हिजन बँडची उरलेली मंडळी 1980 मध्ये न्यू ऑर्डर म्हणून परत उभी राहिली आणि 1983 ला 'ब्लू मंडे' हे गाणं काढलं, सुरुवातीलाच ड्रम मशीनची ती धडधड, वर पीटर हुकचा बेस जो लीड गिटारसारखा वरच्या सुरात वाजतो, म्हणजे मशीनही त्यांचं आणि बँडही.

प्रायमल स्क्रीम मुळात गिटारवाले, त्यांच्या जुन्या गाण्याची डीजे अँड्र्यू वेदरॉलने मोडतोड करून 'लोडेड' बनवलं आणि यांची गाडी सुसाट सुटली (निम्मं श्रेय त्याचंच म्हणा ना). 1991 चा 'स्क्रीमाडेलिका' मात्र अल्बम म्हणून लय भारी, पहिलं मर्क्युरी प्राइझ (वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ब्रिटिश पुरस्कार) त्यालाच मिळालं, हेडफोन लावून सलग ऐका. पण नाचायचं असेल तर न्यू ऑर्डरच.