कानातला आवाज आणि आयुर्वेदिक उपचार: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आवाज गेला का, हेच सगळे आधी विचारतात, म्हणून उत्तरही आधीच देते: नाही गेला. दोन्ही कानांतली बारीक शिट्टी आजही आहे, शांत खोलीत बसलं की लगेच ऐकू येते. पण झोप परत आली आणि दिवसभर त्या आवाजाकडे लागलेलं लक्ष बरंच सुटलं. टिनिटसचा, म्हणजे कानातल्या या आवाजाचा, त्रास मोजायला २५ प्रश्नांची एक प्रश्नावली असते. तिच्यात १०० पैकी जितके गुण जास्त, तितका त्रास जास्त. सुरुवातीला माझे ५४ होते, आता ३४ आहेत. म्हणजे मध्यम त्रासातून सौम्य त्रासात आले. उपचार मी एकदम न घेता एकेक करून सुरू केले होते, त्यामुळे कशाचा किती उपयोग झाला याचा थोडाफार अंदाज आला.

त्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे तपासणी झाली होती. मळ नव्हता, कानाचा पडदा शाबूत होता, ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, उंच स्वर थोडे कमी ऐकू येतात असं निघालं. आतल्या कानातल्या केसपेशी झिजल्या की मेंदूकडे जाणारे संदेश कमी होतात आणि मेंदू आपली संवेदनशीलता वाढवून ती उणीव भरून काढू पाहतो, त्यातून हा आवाज जाणवतो, असं त्यांनी समजावलं. ही तपासणी कुणीही टाळू नये, असं मला फार मनापासून वाटतं. एकाच कानात आवाज असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल किंवा सोबत चक्कर येत असेल, तर कारण वेगळं असू शकतं. आणि ऐकू येणं अचानक कमी झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जास्त असते, ते दिवस घरगुती तेलात घालवण्यासारखे नाहीत.

वैद्यांनी सगळे रिपोर्ट पाहूनच उपचार सुरू केले. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत. त्यांत कर्णनाद आहे आणि कर्णक्ष्वेडही. भेरी, मृदंग, शंख असे नाना आवाज आले तर कर्णनाद आणि बासरीसारखा स्वर आला तर कर्णक्ष्वेड. माझा आवाज दुसऱ्या प्रकारातला. मुळाशी वात आहे म्हणून तेल, झोप आणि दिनचर्या या तिन्हींवर त्यांचा भर होता.

सगळ्यात जास्त अपेक्षा होती कर्णपूरणाकडून. कानाभोवती हलकं मालीश करायचं, कुशीवर झोपायचं आणि कोमट बिल्व तेल कानात भरून काही वेळ राहू द्यायचं. ग्रंथांत कानाच्या रोगासाठी शंभर मात्रांचा काळ दिला आहे. मात्रा म्हणजे चुटकी वाजवण्याइतका क्षण, म्हणजे फार वेळ नाही. नंतर तेल काढून कान बाहेरून पुसून घ्यायचा. तेल शरीराच्या तापमानाइतकंच हवं, हे इथे सर्वांत महत्त्वाचं. थंड किंवा गरम तेलाने आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव हलतो आणि गरगरायला लागतं. कानातला कोरडेपणा आणि खाज यांवर कर्णपूरणाचा छान उपयोग झाला. शिट्टी मात्र जशीच्या तशी. तेही समजण्यासारखं आहे, कारण शाबूत पडद्यापलीकडे तेल जात नाही आणि बिघाड पडद्याच्या बराच आत आहे. पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल किंवा बुरशीचा संसर्ग असेल तर कानात तेल अजिबात घालू नये. लसूण तळलेलं तेल घाला, असं सुचवणाऱ्यांनाही माझी हीच विनंती आहे.

नस्यासाठी अणुतेल होतं, दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब. नाक मोकळं राहिलं, कानाला दडा बसल्यासारखं वाटायचं ते कमी झालं. बाकी फरक नाही.

गोळ्यांत सारिवादी वटी होती. तिच्यात अभ्रक आणि लोह यांची भस्मं असतात, त्यामुळे ती स्वतःच्या मनाने आणून खाण्याची गोष्ट नाही. वैद्यांनी मुदत ठरवून दिली होती, मध्ये यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्याही करून घेतल्या. मुदत संपून गोळ्या थांबल्या तेव्हा आवाजात काहीच बदल जाणवला नाही. अश्वगंधा त्यांनी मला दिलीच नाही, कारण माझं थायरॉइडचं औषध चालू आहे. हे विचारून घेणारे वैद्य मिळाले, याचं मला खरंच समाधान आहे.

मग झोप सुधारली कशाने? माझ्या अनुभवात पादाभ्यंगाने. रात्री तळपायांना आणि पोटऱ्यांना सावकाश तिळाचं तेल लावायचं, मोबाइल दूर ठेवायचा, झोपायची वेळ पाळायची. सुरुवातीचे काही आठवडे काहीच वाटलं नाही, पण पुढे अंथरुणावर पडल्यावर जीव कासावीस होणं हळूहळू थांबलं. झोप लागली की दुसऱ्या दिवशी तोच आवाज कमी टोचतो, आणि कमी टोचला की रात्री झोप सोपी जाते. तळपायाच्या तेलाने कान बरा होतो असं मी म्हणत नाही. ताण कमी झाला आणि मेंदूने त्या आवाजाला धोका समजणं सोडलं, असं मला वाटतं.

याच काळात दोन गोष्टी आयुर्वेदाबाहेरच्या केल्या, त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. रात्री पावसाचा रेकॉर्ड केलेला आवाज अगदी हळू लावते, शिट्टी बुडणार नाही इतपत. पूर्ण शांततेत ती जास्तच जाणवते. शिवाय समुपदेशकांकडे सीबीटीची, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराची, सत्रं घेतली. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत सीबीटीची शिफारस आहे, ऐकणं कमी असल्यास श्रवणयंत्राचीही, आणि गिंको, झिंक, मेलॅटोनिन यांसारख्या पूरक गोळ्या टिनिटससाठी सुचवू नयेत असंही म्हटलं आहे. म्हणून ‘आवाज मुळापासून बंद’ असं वचन देणाऱ्या कुठल्याही बाटलीवर, मग ती कोणत्याही पद्धतीची असो, पैसे घालू नका.

सध्या पादाभ्यंग रोज चालू आहे, नस्य हवा कोरडी असेल तेव्हाच, आणि कर्णपूरण फक्त वैद्यांनी कान पाहून सांगितलं तर. मोठ्या आवाजाच्या ठिकाणी इअरप्लग घालते, एरवी नाही, कारण दिवसभर कान बंद ठेवले तर आवाज आणखी जाणवतो. ऑडिओमेट्री पुन्हा करायची आहे. उंच स्वर आणखी कमी झाले असतील तर पुढचा पैसा तेलावर न घालता श्रवणयंत्रावर घालणार आहे.