वायरिंग शिकवायचं तयार पॅनेल: शाळेने घ्यावं, पण एकच

व्यवसाय शिक्षणाच्या वर्गासाठी मिळणारं २४ व्होल्टचं हाउस वायरिंग ट्रेनर पॅनेल सर्किट समजावण्यात चोख आहे. हात तयार करण्यात मात्र ते कमी पडतं. म्हणून प्रत्येक टेबलावर पॅनेल घेणं म्हणजे पैसे चुकीच्या जागी घालणं.

समोर दिवे, स्विच, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) असतात, त्यांच्या शेजारी ४ मिमीची सॉकेट. मुलं प्लगवाल्या वायरींनी जोडण्या करतात. मागे २४ व्होल्ट, ४ अँपचा डीसी पुरवठा. शॉकची भीती नसल्याने मुलं मोकळेपणाने चुका करतात, आणि हेच याचं मोठं बळ. जिन्याचं टू-वे वायरिंग घ्या, म्हणजे दोन स्विचवर एक दिवा. फेज (वीज आणणारी तार) एका स्विचच्या कॉमन म्हणजे सामाईक टर्मिनलऐवजी बाजूच्या टर्मिनलला दिला तरी दिवा लागतो, पण हा स्विच एका ठरावीक बाजूला असेल तेव्हाच दुसरा चालतो. असं का होतं ते मुलांनाच शोधू द्यावं.

याहून घातक चूक म्हणजे स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये, म्हणजे परतीच्या तारेत घालणं. दिवा व्यवस्थित लागतो-विझतो, त्यामुळे चूक दिसतच नाही. स्विच बंद ठेवून होल्डरचं टर्मिनल आणि न्यूट्रल यांच्यात मल्टिमीटर लावायला सांगा. २४ व्होल्ट दिसले, की दिवा विझला तरी होल्डर जिवंत आहे हे पटतं. ही तपासणी सर्वांकडून करून घ्यावीच.

एमसीबीकडून मात्र अपेक्षा ठेवू नका. ६ अँपचा सी कर्व्ह प्रकारचा एमसीबी शॉर्टमध्ये लगेच पडायला ३० ते ६० अँप लागतात. इथला पुरवठा ४ अँपचाच, त्यामुळे त्याआधी तोच बंद होतो. आरसीसीबीचं (करंटची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटणही २४ व्होल्टवर काम करत नाही, कारण त्याचा रेझिस्टर मेन्सच्या व्होल्टेजसाठी बसवलेला असतो. हे दोन्ही शिकवायचं तर वेगळी सोय हवी.

सगळ्यात आधी बिघडतात त्या वायरी. प्लगची पत्ती सैल होते, नाहीतर वायर प्लगच्या तोंडाशी आतून तुटते. बाहेरून ठीक दिसते, म्हणून कंटिन्यूटी (वायर आतून अखंड आहे का) तपासताना वायर हलवून पाहा. जादा संच पॅनेलबरोबरच मागवा.

बाकी टेबलांवर प्लायवूडचे बोर्ड आणि १.५ चौ. मिमीची वायर द्या. इन्सुलेशन ८ ते १० मिमी सोलायचं. जास्त सोललं तर तांबं उघडं राहतं, कमी सोललं तर स्क्रू इन्सुलेशनवर बसतो, जोड सैल राहून तापतो. तांब्याला कापा गेला तर वायर तिथेच मोडते. प्लग खोचून यातलं काहीच शिकता येत नाही.

पॅनेलच्या मागे शिक्षकांसाठी कुलूपबंद फॉल्ट स्विच, म्हणजे सर्किटमध्ये मुद्दाम दोष घालणारे स्विच असतात. ते चारच असतील तर मुलं दोष न शोधता पाठ करतात. किमान आठ आणि एकाच वेळी दोन चालू करता येणारे असतील तरच हे पॅनेल घ्यावं.