उद्यमनगरात कॅम्पर व्हॅनची दुरुस्ती: लीफ स्प्रिंगच्या पाट्यांना दहापैकी नऊ, छपराच्या गळतीला चार

कॅम्पर व्हॅन खाली मालवाहू गाडी असते आणि वर घर. कोल्हापुरात खालचं काम अव्वल होतं. वरचं काम कुणाच्या हाताला लागतं त्यावर अवलंबून. शिवाजी उद्यमनगर, शिरोली एमआयडीसी आणि महामार्गालगतची उचगाव ते गोकुळ शिरगाव पट्ट्यातली गॅरेजं, या सगळ्यांना मिळून एक सेवा धरलं तर तिची पारख अशी: काय करायचं हे तुम्ही नेमकं सांगितलंत तर काम चोख मिळतं. "बघा जरा, काय झालंय ते" म्हणून किल्ली ठेवून आलात तर समोरच्याला जे येतं तेच तो करून देतो. वेल्डर वेल्डिंग करतो, डेंटिंगवाला पुट्टी भरतो, मूळ दुखणं तसंच राहतं.

आधी चांगलं सांगू. पाट्यांचं, म्हणजे चाकांवर गाडी तोलणाऱ्या पोलादी लीफ स्प्रिंगचं, काम इथे नाद खुळा होतं. उसाच्या ट्रॉल्या आणि मालट्रक सांभाळून तयार झालेले हात आहेत. पाटा काढणं, बाक द्यायला फटके मारणं, पिन-बुश बदलणं, सेंटर बोल्ट, यू-बोल्ट हे सगळं एका दिवसात उरकतं आणि मापाचा बुश मिळाला नाही तर शेजारच्या लेथवर करून मिळतो. पण ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेल्या व्हॅनची नेहमीची तक्रार असते "गाडी एका अंगाला कलली". त्यावर मिस्त्री लगेच जादा पाटा सुचवतो. थांबा आणि आधी वजनकाट्यावर जा. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात काट्यांची वाण नाही. पाण्याची टाकी भरून, सामान आणि माणसांसकट तीन वजनं घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं, आणि काटा जमिनीशी समतल असेल तर फक्त डावीकडची चाकं. पूर्ण वजनातून वजा केलं की मागचा ॲक्सल आणि उजवी बाजू मिळते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. टाकी, बॅटऱ्या आणि फ्रिज एकाच बाजूला बसवले असतील तर दोष पाट्याचा नाही, मांडणीचा आहे. बॅटऱ्यांचं खोकं दुसऱ्या बाजूला नेणं पाट्यापेक्षा स्वस्त पडतं.

वजन कंपनीच्या प्लेटवर लिहिलेल्या मर्यादेत असूनही मागची बाजू बसत असेल तर जादा पाटा जरूर घाला. मात्र पाटा वाढला म्हणून गाडीची मंजूर वजनमर्यादा वाढत नाही, ब्रेक आणि टायरही तेच राहतात. आंबा घाट किंवा करूळ घाट उतरताना हे कळतं. तिथे ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यातलं पाणी उकळून पेडल मऊ पडतं. दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, नुसतं वरून भरायचं नाही. आणखी दोन अटी मिस्त्रीला घालाव्यात: पाट्याला गॅसची ज्योत लावायची नाही, कारण त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं, आणि पाचशे-हजार किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे. दुसरी अट गिऱ्हाईकच विसरतं.

वेल्डिंगही उत्तम, पण व्हॅनला वेल्डिंग रॉड लावण्यापूर्वीची तयारी तुम्हीच करा. सोलर पॅनेलचा स्विच आधी बंद करायचा, मग घराच्या बॅटरीची जोडणी काढायची, मग इंजिनच्या बॅटरीची निगेटिव्ह. जोडताना उलटा क्रम: बॅटरी आधी, पॅनेल शेवटी. बॅटरी सुटलेली आणि पॅनेल उन्हात जोडलेलं राहिलं तर चार्ज कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणारी पेटी) मरू शकतो. इंजिनच्या ईसीयूचा (इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेटीचा) कनेक्टर सोडवून ठेवा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारीच लावायला सांगा. चार फुटांवर बंपरला लावला की करंट बेअरिंगमधून आणि वायरिंगमधून वाट काढतो. चेसिसच्या मुख्य पट्टीच्या वरच्या-खालच्या ओठावर भोक पाडू देऊ नका. पाडायचंच तर मधल्या उभ्या भागात.

स्टेनलेस स्टीलच्या टाकीसाठी पुण्याला जायची गरज नाही. दूध आणि साखर या दोन धंद्यांमुळे आर्गन वेल्डिंगवर हात बसलेली माणसं इथे आहेत. ३०४ दर्जाचा पत्रा, दीड ते दोन मिमी जाडी, आत आडवे पडदे आणि हात जाईल एवढं झाकण सांगा. पडदे नसले तर वळणावर पाणी एका बाजूला आदळतं आणि काही महिन्यांत कोपऱ्याचा वेल्ड तडकतो. वेल्डभोवतीचा निळा-तपकिरी डाग पिकलिंग पेस्टने (आम्लाच्या लेपाने) काढून घ्या, नाहीतर स्टेनलेस असूनही गंज तिथूनच धरतो. टाकी पाण्याने भरून रात्रभर ठेवून तपासायची. हवेच्या दाबाने तपासायला देऊ नका, सपाट भिंतीची टाकी फुगते.

आता छप्पर. चार गुण इथेच पडतात, आणि गगनबावडा-आंबोलीकडे फिरणाऱ्या गाडीला हेच दुखणं सगळ्यात जास्त छळतं. ठरलेला संवाद असा असतो: "साहेब, काय टेन्शन घ्यायचं न्हाई, सिलिकॉनची एक ट्यूब मारतो, पाण्याची टाप न्हाई आत यायची." पाणी पुढच्या पावसात येतंच, फक्त दुसरीकडून. कारण जिथे डाग दिसतो तिथे भोक नसतं. पाणी छपराच्या सांध्यातून शिरतं, आतल्या फासळ्यांवरून घरंगळतं आणि दोन-तीन फूट लांब कपाटाच्या कोपऱ्यात उतरतं. सिलिकॉनचे दोन तोटे वेगळेच. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, त्याने उघडा पत्रा गंजतो. शिवाय एकदा सिलिकॉन लागलं की त्याच्या अंशावर ना रंग बसत, ना दुसरं सीलंट.

गळती शोधायची खात्रीची रीत स्वस्त आहे आणि कोणत्याही गॅरेजात करता येते. एका खिडकीत पुठ्ठा बसवून त्यात ब्लोअर घाला. सिंक आणि शॉवरचे ड्रेन, छपरावरच्या पंख्याची जाळी, गॅसच्या कपाटाची हवेची जाळी टेपने बंद करा, ड्रायव्हरकडचा एसी आतली हवा फिरवण्यावर ठेवा. ब्लोअर चालू केला की आत थोडा दाब तयार होतो. मग बाहेरून साबणाचं पाणी फवारत सांध्यांवरून जा. जिथून हवा सुटते तिथे बुडबुडे येतात, तिथे पेन्सिलने खूण करा. बहुतेक वेळा खुणा सोलरचे ब्रॅकेट, छतावरच्या एसीची चौकट, मागचे मार्कर दिवे आणि छपराच्या कडेच्या पन्हळीचा सांधा इथे पडतात. काम संपलं की गॅसच्या जाळीवरची टेप सर्वांत आधी काढा, ती राहिली तर जिवावर बेतेल.

दुरुस्तीत जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसायचं आणि वस्तू उचलून तिच्याखाली ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) घालायची. स्क्रू एका दमात आवळू नयेत. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जावेत आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा एकदा, कारण ब्युटाइल दबून बाहेर येतं. स्क्रूची डोकी आणि कडा यांच्यावर एमएस पॉलिमर सीलंट. पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटही धरतं, पण उन्हात पिवळं पडून भेगाळतं, म्हणून छपरावर ते रंगाखालीच असावं. दोन्ही हवेतल्या ओलाव्यावर सुकतात, दिवसाला दोन-तीन मिमी. संध्याकाळी लावून सकाळी धुवायला नेलेली गाडी परत गळते आणि दोष सीलंटला लागतो.

फायबरच्या छपराला तडा असेल तर नुसती पुट्टी भरू देऊ नका. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तो थांबवायचा, कडा ग्राइंडरने उतरत्या घासायच्या, साधारण जाडीच्या बारापट रुंदीपर्यंत, आणि काचतंतूच्या ४५० ग्रॅमच्या (दर चौरस मीटरला) मॅटचे दोन-तीन थर द्यायचे. रेझिनमध्ये हार्डनर १ ते २ टक्के, मे महिन्याच्या उन्हात १ कडेच. कोबाल्ट (रेझिन लवकर सुकवणारं द्रव्य) वेगळं येत असेल तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण घोळवायचं आणि हार्डनर नंतर. हे दोन थेट एकत्र आले तर भडका उडू शकतो. फायबरवाल्यांना हे माहीत असतं, पण घाईत डबे शेजारी-शेजारी उघडे असतात. जूनपासून हे काम हाती घेऊच नये. दमट हवेत वरचा थर चिकट राहतो.

भिंतीतल्या प्लायचा प्रश्न त्याहून चिवट आहे. दोन पिनांचा ओलावा मापक घेऊन कपाटांच्या मागे टोचून पाहा. २० टक्क्यांच्या वर आकडा गेला तर पॅनेल उघडून वाळवल्याशिवाय वरचं सीलंट म्हणजे ओल आत कोंडणं. प्लाय बदलायचा झाला तर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का पाहून घ्या. घरातल्या वॉर्डरोबचा साधा प्लाय व्हॅनमध्ये एक-दोन पावसाळ्यांत पदर सोडतो.

वायरिंगला सहा गुण. ऑटो इलेक्ट्रिशियन १२ व्होल्टच्या दिव्यात आणि स्टार्टरमध्ये तरबेज, घराचा वायरमन २३० मध्ये. व्हॅनच्या घरात दोन्ही एकत्र येतात आणि मधला इन्व्हर्टर कुणाचाच नसतो. सर्वाधिक येणारी तक्रार: इंडक्शन लावला की इन्व्हर्टर "लो बॅटरी" म्हणून बंद पडतो, बॅटरी मात्र भरलेली. बॅटरीवाला बॅटरी बदलायला सांगेल. त्याआधी इंडक्शन चालू ठेवून मल्टिमीटरने बॅटरीच्या खांबांवर आणि इन्व्हर्टरच्या खांबांवर व्होल्टेज मोजा. फरक ०.३ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर चोर केबल किंवा तिच्या टोकाचा धातूचा लग आहे. दोन हजार वॅटला १२ व्होल्टवर, इन्व्हर्टरमधली तूट धरून, १८० अँपिअरच्या वर करंट लागतो. त्याला दीड-दोन मीटरच्या अंतरातही ७० चौरस मिमी तांबं हवं. उद्यमनगरात वेल्डिंग केबल सहज मिळते आणि लवचीक असल्याने चालतेही, पण टोक सोलून पाहा. ॲल्युमिनियमचीही विकली जाते. लग हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबायचा. हातोड्याने ठोकलेला लग तापतो आणि महिन्याभरात ढिला होतो. लिथियम बॅटरीला क्लास-टी (प्रचंड करंट तोडू शकणारा) फ्यूज, पॉझिटिव्ह खांबापासून वीतभर अंतरात.

जुन्या ट्युब्युलर (शिसे-आम्ल) बॅटरीच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेट घातली असेल तर चार्जरची सेटिंग बदलली का ते विचारा. चार सेलच्या पॅकला १४.२ ते १४.६ व्होल्ट पुरतात. ट्युब्युलरचा इक्वलायझेशन मोड चालू राहिला तर व्होल्टेज १५ च्या वर जातं, बीएमएस (बॅटरीची राखण करणारं आतलं सर्किट) बॅटरी तोडते आणि सगळे म्हणतात बॅटरी खराब. इंजिनवरून चार्ज करायला मध्ये डीसी-डीसी चार्जर लावाच. थेट जोडलेली लिथियम अल्टरनेटरकडून जमेल तेवढा करंट ओढते, आणि चढावर हळू चाललेल्या गाडीत हवा कमी मिळून तो जळतो. होमस्टेवरून वीज घेणार असाल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) गाडीतच हवा, यजमानाच्या बोर्डावर भरवसा नको.

गॅससाठी गॅरेजवाल्याला हात लावू देऊ नये, गॅस फिटरच बोलवावा. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून सिलिंडरच्या कपाटाची जाळी तळाशी आणि बाहेर उघडणारी असते. तपासणी मात्र तुमच्यासमोर करून घ्या: पारदर्शक नळीचा यू करून त्यात रंगीत पाणी भरायचं आणि एक टोक शेगडीच्या लाइनला जोडायचं. घरगुती रेग्युलेटरवर दोन बाजूंतला फरक साधारण ३० सेंटिमीटर येतो. बर्नर बंद, मग सिलिंडर बंद, पाच मिनिटं थांबा. पातळी हलली तर गळती आहे, मग साबणाच्या पाण्याने सांधा शोधायचा. हॉटेलच्या भट्टीचा हाय-प्रेशर रेग्युलेटर घरगुती शेगडीला लावलेला दिसला तर तिथेच उतरवा.

पाण्याचा पंप नळ बंद असताना अधूनमधून टकटक वाजत असेल तर पंप चांगला आहे, लाइन कुठेतरी पाझरते किंवा पंपातली एकतर्फी झडप कचऱ्याने उघडी राहिली आहे. पंपाआधीची जाळी धुवा, मग सांधे पाहा. हे काम घरचा प्लंबरही करतो.

नव्या व्हॅनमधले दोष हा वेगळा मामला. चेसिसची वॉरंटी कंपनीची, घराची बांधणाऱ्याची, आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून ताबा घेण्याआधी ब्लोअरची चाचणी, काट्याची पावती आणि गॅसची चाचणी तिथेच करून घ्या आणि दोषांची यादी फोटो-तारखेसह लेखी द्या, फोनवर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदल आरसी बुकात उतरलेला असावा. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, बांधणाऱ्याकडे त्याची कागदपत्रं मागा. दुरुस्ती होत नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि गाडी पुण्यात किंवा दिल्लीत बांधलेली असली तरी राहणारा कोल्हापूरचा असेल तर कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच, आणि ५ लाखांपर्यंत फीही नाही. व्हॅन भाड्याने फिरवत असाल तर आधी वकिलाला विचारा, व्यावसायिक वापर हा समोरच्याचा पहिला बचाव असतो.

वेळ ठरवायची तर छपराचं काम फेब्रुवारी ते मे, लाकूड कोरडं असताना. पाटे आणि वेल्डिंग कधीही, फक्त गळीत हंगामाच्या तोंडावर नको, तेव्हा रांगेत ट्रॉल्या असतात. दर आणि मुदत जॉब कार्डावर लिहून घ्या, काढलेले जुने भाग परत मागा. पैसे देण्याआधी गाडी तिथेच पाण्याच्या फवाऱ्याखाली अर्धा तास उभी करा, आतून टॉर्च घेऊन एकाने कपाटं उघडी ठेवून बसावं.