अमिगा ५०० च्या आत बसवलेलं एचडीएमआय: काही महिने वापरून झाल्यावर

कमोडोरच्या जुन्या अमिगा ५०० या घरगुती संगणकाचं चित्र एचडीएमआयवर आणणारं एक किट मी बसवलं. बोर्ड झकास, चित्र त्याहून झकास, आणि सॉकेट कचऱ्यात टाकायच्या लायकीचं. घाई असलेल्यांनी एवढंच वाचून पुढे जायला हरकत नाही. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितोय, कारण बोटाच्या पेराएवढ्या त्या सॉकेटपायी मशिन परत परत उघडावं लागलं आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

किट म्हणजे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचंच प्रकरण: अमिगाचं चित्र बाहेर टाकणारी डेनिस चिप उपटायची, तिच्या ४८ पिनांच्या सॉकेटमध्ये बोर्ड बसवायचा, डेनिस त्या बोर्डावर आणि शेजारी रास्पबेरी पाय झिरो हा चिमुकला संगणक (पुढे नुसता 'पाय'). मूळ आरजीबी-टू-एचडीएमआय प्रकल्प खुला आहे, त्यामुळे बोर्ड बरेच जण बनवतात. मी ज्याच्याकडून घेतलं त्याने वर दोन गोष्टी दिल्या होत्या: पायच्या मिनी-एचडीएमआयपासून निघणारी चपटी रिबन, आणि डाव्या बाजूच्या एक्स्पान्शन स्लॉटसाठी थ्रीडी प्रिंट केलेलं झाकण, ज्यात पूर्ण आकाराचं एचडीएमआय सॉकेट बसवलेलं. 'केसला कुठेही कापाकापी नाही' असं जाहिरातीत होतं, आणि मी त्यालाच भुललो. १९८७ च्या मशिनच्या प्लास्टिकला ड्रिल लावायला माझा हात धजत नाही.

आधीची व्यवस्था काय होती तेही सांगतो, नाहीतर चित्राचं एवढं कौतुक का ते कळणार नाही. अमिगाच्या मागचा व्हिडिओ कनेक्टर २३ पिनांचा. हे माप बाजारात सहजासहजी मिळत नाही. मग आपण काय करतो? २५ पिनांचा डी-कनेक्टर आणतो आणि एका टोकाला दोन्ही ओळींतली एकेक जागा करवतीने उडवतो. मशिनकडे मेल, म्हणून केबलला फीमेल. कापलेल्या बाजूची पत्र्याची कड जाते, त्या बाजूचा स्क्रूही जातो, आणि कनेक्टर थोडा तिरका लागला की पोटात गोळा येतो, कारण याच पिनांमध्ये ५ आणि १२ व्होल्टही आहेत. कापलेल्या बाजूला इपॉक्सी भरून, वर हीटश्रिंक चढवून मी ती केबल वर्षानुवर्षं वापरली. पण पलीकडे १५ किलोहर्ट्झ (आडव्या रेघा काढण्याचा अमिगाचा वेग) घेणारा पडदा लागतो. माझा जुना टीव्ही गेला आणि नवा मॉनिटर ३१ किलोहर्ट्झच्या खाली बघायलाच तयार नाही. मधे एक स्वस्तातला कन्व्हर्टर लावून पाहिला. लाल रंग शेजारच्या पिक्सेलांत पसरायचा, आणि मारिओछाप उड्या मारताना बटण दाबल्यावर पात्र जरा विचार करून उडायचं.

म्हणून हा बोर्ड. पहिल्यांदा चालू केला तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो. डेनिस प्रत्येक रंगाचे चार-चार बिट बाहेर टाकते, पुढे हायब्रिड नावाच्या भागात त्यांचा अॅनालॉग सिग्नल होतो. हा बोर्ड त्याच्या आधीच बिट उचलतो, त्यामुळे कन्व्हर्टरची ती धूसर, ओघळलेली रंगसंगती औषधालाही उरत नाही. ४०९६ रंग जसे असायला हवेत तसे. एचडीएमआयचा वेग अमिगाच्या फ्रेमशी जुळवून घेतला जातो, म्हणून मॉनिटरने ५० हर्ट्झ घेतलं की आडवं स्क्रोलिंग लोण्यासारखं. मॉनिटर फक्त ६० वर अडून बसणारा असेल तर दर काही क्षणांनी झटका बसणारच, तो दोष बोर्डाच्या माथी मारू नका. आणि इंटरलेस, म्हणजे सम-विषम रेघा आलटून पालटून दाखवणारा, एरवी थरथरणारा मोड! वर्कबेंच, म्हणजे अमिगाचा डेस्कटॉप, ६४०×५१२ मध्ये, एकही रेघ न थरथरता. त्या काळी ही थरथर घालवणाऱ्या फ्लिकर फिक्सरसाठी लोक पदरमोड करायचे, इथे ते बोर्डाच्या मेन्यूतल्या एका ओळीत आहे.

किरकोळ कटकटी आहेत. आवाज एचडीएमआयमधून येत नाही, मागच्या आरसीए जॅकमधूनच घ्यावा लागतो. मला फरक पडत नाही, माझे स्पीकर तिथेच जोडलेले होते. वरची पत्र्याची शिल्ड माझ्या मशिनमध्ये परत बसली नाही, पाय झिरो मधे येतो. ती कापण्याऐवजी जपून ठेवली आहे. शिवाय तिचे वाकवायचे कान किती नाजूक असतात ते ज्याने उघडलंय त्यालाच माहीत, दर उघडझापीला एखादा हातात येतो. मेन्यूच्या बटणासाठी किटमध्ये वायर आहे पण झाकणात भोक नाही. हे कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे.

आता सॉकेट.

सुरुवातीला मी सगळ्यांना हे झाकण घ्या म्हणून सांगत सुटलो होतो. दिसायला सुरेख, मूळ झाकणाच्या रंगाशी बऱ्यापैकी जुळणारं, लांबून पाहिलं तर कारखान्यातूनच आलंय असं वाटावं. ते मत आता मागे घेतोय. सॉकेटची छोटी पट्टी झाकणाच्या आतल्या बाजूला दोन बारीक स्क्रूंनी थेट प्लास्टिकमध्ये आवळलेली आहे. मागे टेकू काहीच नाही. केबल खुपसताना सगळा जोर त्या दोन स्क्रूंवर, आणि काढताना तोच जोर उलट. थोड्याच दिवसांत प्लास्टिकमधले आटे झिजले आणि केबल लावताना सॉकेट आत सरकायला लागलं. आधी जाणवेल न जाणवेल इतकं, मग डोळ्यांना दिसेल इतकं.

यात एचडीएमआयचाही दोष आहे. २००२ साली आलेल्या या कनेक्टरला कुलूप असं नाहीच. जाड केबल टेबलाच्या कडेवरून खाली लोंबली की तिचं वजन सॉकेटला सतत खाली ओढत राहतं. माझा तो करवतीने कापलेला २३ पिनांचा कनेक्टर एकाच बाजूच्या स्क्रूवर तग धरून होता आणि कधी हलला नाही, हे या निमित्ताने नोंदवतो.

मग एका संध्याकाळी खेळता खेळता पडदा काळा. मॉनिटर म्हणतो सिग्नल नाही, पण स्पीकरमधून संगीत व्यवस्थित सुरू, जॉयस्टिक हलवला की गोळ्यांचा आवाज येतोय. म्हणजे मशिन जिवंत. मागच्या काळ्या-पांढऱ्या कंपोझिट जॅकला जुना छोटा मॉनिटर लावला तर चित्र तिथे हजर. म्हणजे डेनिसही ठणठणीत. पायचा हिरवा दिवा लागलेला. उरली ती फक्त शेवटची वीतभर वाट. केस उघडली, कीबोर्ड बाजूला केला आणि भिंग लावून रिबनचं टोक पाहिलं. ०.५ मिलिमीटर अंतरावरचे २० सोनेरी पट्टे, आणि एका बाजूने ते कुलपातून (रिबन पकडून ठेवणाऱ्या कनेक्टरच्या खटक्यातून) केसभर बाहेर आलेले, तिरके. कुलपाची ती काळी, नखाएवढी पट्टी अर्धवट उघडी. नखाने दाबली, चित्र आलं. सोडली, गेलं. सॉकेट आत सरकलं की रिबन वाकते, रिबन वाकली की कुलूप उचकटतं, यापलीकडे यात काही गूढ नाही.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं: मशिन जुनं आहे, कॅपॅसिटर बदलून पाहा. मी कंपोझिटवर चाललेलं चित्र आणि एचडीएमआयवरचा काळा पडदा एकाच व्हिडिओत शेजारी शेजारी ठेवून पाठवले, नखाने दाबल्यावर चित्र येतं तेही दाखवलं. त्यावर: आपली केबल जड असावी, हलकी वापरा. हलकी वापरली, परिस्थिती तीच. मग आलेलं उत्तर मी जपून ठेवलंय: व्हिडिओत केस उघडलेली दिसते, त्यामुळे वॉरंटी लागू होणार नाही. अहो, केस न उघडता हा बोर्ड बसवायचा कसा, मंत्र मारून? हे विचारल्यावर काही दिवस शांतता, आणि मग पाकिटातून एक नवीन रिबन आली. फक्त रिबन. सॉकेट तेच, स्क्रू तेच, झिजलेली भोकं तीच. पूर्ण झाकण हवं असेल तर परत पैसे भरा म्हणे. मी भरले नाहीत आणि भरणारही नाही. दोन स्क्रूंच्या कामासाठी दुसऱ्यांदा खिशात हात घालणं माझ्या स्वभावात नाही.

मग घरात होतं त्यातून केलं. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितो. तांबं नसलेल्या ग्लास-इपॉक्सीच्या (सर्किट बोर्ड ज्याचे बनतात त्या) शीटचा एक तुकडा झाकणाच्या आतल्या मापाचा कापला, सॉकेटची पट्टी त्यावर बसवली आणि झाकणातून आरपार एम३ स्क्रू, वॉशर आणि नट. प्लास्टिकच्या आट्यांवर आता काहीच अवलंबून नाही, जोर सगळ्या झाकणावर पसरतो. अॅल्युमिनियमची पट्टी सोपी पडली असती, पण त्या स्लॉटच्या आत बोर्डाची ८६ संपर्कांची उघडी कड आहे, ज्यावर प्रोसेसरचा अख्खा बस आणि वीजपुरवठाही आहे. तिथे धातूचा तुकडा सैल होऊन पडला तर चित्र जाण्यावर निभावणार नाही. रिबनला मधे सैलसर वळसा दिला, म्हणजे ओढ कुलपापर्यंत पोचत नाही, आणि कुलपावर काप्टन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी). शेवटचं म्हणजे, सॉकेटला एक वीतभर एक्स्टेन्शन कायमची लावून ठेवली आणि तिचा गळा केबल टायने केसच्या खालच्या झरोक्याला बांधला. रोजची लावाकाढ बाहेरच्या टोकाला होते. झिजायचं तर ते टोक झिजेल, बदलायला मशिन उघडावं लागणार नाही.

तेव्हापासून पडदा एकदाही काळा झालेला नाही. टेबल मुद्दाम हलवून पाहिलं, केबल ओढून पाहिली.

बोर्डाबद्दलचं मत मात्र या सगळ्या भानगडीतही तसूभर बदललं नाही, उलट सुधारलं. सुरुवातीला मला पाय झिरोची गरमी खुपत होती, कीबोर्डखाली बंद जागेत ती कशी टिकेल म्हणून. उन्हाळ्यातले लांबलचक खेळ झाले, काही बिघडलं नाही. वीजपुरवठ्याबद्दलही उगाच धास्ती होती. माझा मूळचाच अडॅप्टर आहे, तपासून घेतलेला, आणि त्याने हे ओझं निमूट उचललं. ज्यांना नवा पुरवठा बनवून घ्यायचाय त्यांनी उणे १२ व्होल्ट विसरू नयेत, ऑडिओला आणि सिरियल पोर्टला ते लागतात.

याच किटबरोबर गोटेकही (फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा, पेनड्राइव्ह वाचणारा ड्राइव्ह) घेतला होता, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. त्यात फ्लॅशफ्लॉपी हे सॉफ्टवेअर टाकलं, जंपर एस० वर, एडीएफ फाइली (अमिगा फ्लॉपींच्या प्रती) पेनड्राइव्हवर, झालं. फ्लॉपीच्या जागी बसवायचं ब्रॅकेटही त्याच विक्रेत्याचं, आणि गंमत म्हणजे ते मजबूत आहे. यूएसबीचा धक्का मागच्या भिंतीवर जातो, पुढच्या पातळ पट्टीवर नाही. म्हणजे टेकू कसा द्यायचा हे या माणसाला कळतं. मग एचडीएमआयच्या बाबतीतच घोडं का अडलं, हे मला उलगडलेलं नाही. ड्राइव्ह रिकामा असताना येणारी टकटक मात्र गेली, आणि तिची आठवण येईल असं मला वाटलं नव्हतं. बझर जोडून ती परत आणता येते, पण नकली टकटकीसाठी वेगळा सुटा भाग विकत घेणं मनाला पटत नाही.

विकत घ्यायचा विचार असेल तर बोर्ड डोळे झाकून घ्या, झाकण घेऊ नका. नुसता बोर्ड आणि सुटी रिबन कुठेही मिळते, आणि ग्लास-इपॉक्सीचा तुकडा कापायला हॅकसॉ पुरते.

ताजी खबर अशी की त्याच विक्रेत्याने झाकणाची नवी आवृत्ती काढली आहे, 'आता धातूच्या भक्कम ब्रॅकेटसह', आणि जुन्या ग्राहकांना सवलत देऊ केली आहे. मी त्याला एकच प्रश्न पाठवलाय: ते ब्रॅकेट आणि ८६ संपर्कांची ती उघडी कड, यांच्या मधे काय ठेवलंय? उत्तराची वाट पाहतोय.